सुपडाजिजीच्या ओट्यावरचे डबे

गल्लीत बाळंतीण घरी आली की सुपडाजिजी सगळ्यात आधी भेटायला यायची आणि जाताना चोरी करून जायची. तीही राजरोस! पावडरच्या दुधाचा डबा पदराखाली, बाटली कमरेला खोचलेली, आणि वर "येस वं माय" म्हणत बाहेर.

परमुलखातल्या नवागामातली आमची गल्ली सगळी खानदेशी. पुरुष लूमवर कापड विणत, बाया घरी साड्यांना खडे चिकटवत. माझी पिंकी वीस दिवसांची होती तेव्हाच मी साड्यांचा गठ्ठा घेऊन बसले. ती रडायची, मी म्हणायची, थांब गं, एवढा पदर होऊ दे. दूध आटलं, पोरीचं वजन घटलं. घाबरून सासूबाईंनी डबा आणला आणि दुसऱ्याच दिवशी तो गायब!

मी तणतणत जिजीच्या ओट्यावर गेले. "पोर उपाशी मरेल माझी! डबा दे!"

"बठ आधी." तिने पिंकीला माझ्या कुशीत नीट वळवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबवलं. "पोर जितलं पिई, तितलं दूध ई. तू तं तिले पेवाच देस नही!"

मग माझा गठ्ठा उचलून तिने दारोदार दोन-दोन साड्या वाटल्या. कुणाची नाही म्हणायची टाप नव्हती. प्रत्येकीच्या बाळंतपणात तिच्या वाट्याच्या साड्या गल्लीनेच केल्या होत्या. माझ्या नवऱ्याला म्हणाली, "लूम चालाडस नं? मंग पीठबी मळ!" बिचारा निमूट मळायला बसला.

दर चार दिवसांनी ती आम्हाला दवाखान्यात वजनाला न्यायची. "वजन नही वाढनं तं डबा मीच परत लई येसू." डबा तिने फोडलाही नव्हता. वजन वाढलं, तेव्हा कुठे तो रिकामा करून तिने त्यात कोथिंबीर लावली. तिच्या ओट्यावर अशा डब्यांची रांगच होती.

गेल्या उन्हाळ्यात जिजी गेली. मी सख्ख्या आईसाठी रडावं तशी रडले. डबे मी माझ्या ओट्यावर आणले.

परवा समोरच्या कविताची सासू आली. "अहो, आमचा दुधाचा डबा दिसला का?"

"नाही बाई," मी म्हटलं. माझ्या मांडीवर तिच्याच सुनेच्या दोन साड्या होत्या आणि डबा खाटेखाली. "उद्या सुनेला बाळासकट तयार ठेवा. वजनाला जायचंय."