मेघाची हनुवटी

मेघाला स्वस्थ बसलेलं पाहिल्याचं तिच्या सासूलाही आठवत नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंत ती ओट्यापाशी टाचा उचलून उभी राहायची. धुळ्यातल्या एका मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका; पण मुलींना पळायला लावून आपण सावलीत खुर्ची टाकायची, हे तिला कधी जमलं नाही. मुली धावल्या की तीही धावायची. दोन वर्षांपूर्वी तिने डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल घेतली आणि पाहता पाहता दर रविवारी आठ-दहा मुली तिच्यामागून लळिंगच्या टेकड्या चढू लागल्या.

गेल्या हिवाळ्यात ती पडली. उतारावर पुढचं चाक दगडांच्या बेचक्यात अडकलं आणि ती हँडलवरून थेट तोंडावर आली. साध्या हेल्मेटमुळे डोकं वाचलं, जबडा मात्र मोडला. तारांनी बांधलेल्या तोंडाने नळीतून वरणाचं पाणी ओढत तिने कितीतरी दिवस काढले. हनुवटीवर आडवा, जांभळट वण राहिला. मुलींचे रविवार बंद झाले, ते तिला वणापेक्षा जास्त लागलं.

"पालकांना मी काय सांगू?" मुख्याध्यापिका प्रमिलाबाईंनी विचारलं. "बाईंचाच जबडा मोडला, आता तुमच्या मुली पाठवा?"

"हनुवटी झाकणारं हेल्मेट येतं, मॅडम. सायकलचंच. मोटरसायकलच्या हेल्मेटच्या निम्मंही वजन नाही, आणि हवा खेळायला भोकं आहेत."

"मग आधी तुम्ही घालून बघा. तुम्ही चांगलं म्हणालात तर संस्थेकडून मी मुलींना घेऊन देते. नाही म्हणालात तर सुटीआधी हा विषय संपला."

सगळा भार असा मेघाच्या एका शब्दावर आला. 'नाही' म्हणावं तर पोरींचा डोंगर गेला. 'हो' म्हणावं आणि उद्या एखादीचं तोंड फुटलं तर?

ज्याच्याकडे हेल्मेट मागवलं त्या नाशिकच्या दुकानदाराचा फोन आला तेव्हा ती शाळेच्या फाटकाशी, घरी निघण्याच्या घाईत होती. त्याला डोक्याचं माप हवं होतं. शिवणाच्या वर्गातून टेप आणून तिने तिथल्या तिथे कपाळाभोवती फिरवली आणि आकडा सांगून टाकला.

खोकं आलं तेव्हा सासूबाई सुंदरबाई पापडाचं पीठ मळत होत्या. घरात त्यांना सगळे अक्का म्हणत. उभा जन्म शेतात गेलेला. मुलाच्या नोकरीपायी शहरात आल्या, पण बोली गावाकडचीच ठेवली.

"हाई काय वं? बैलनं मुसकं?"

"हेल्मेट आहे, अक्का. उचलून तरी बघा."

अक्कांनी पिठाच्या बोटांनी उचललं. "हाई ते वाळेल भोपळाइतलं हलकं शे! हाई तुनी हनुवटी सांभाळी?"

मेघाच्या मनातही तेच आलं होतं. शाळेतून आली तशीच तिने ते घालून अंगण झाडलं, पाणी प्यायलं, फोनवर बोलून पाहिलं. शेजारच्या कमलबाई कुंपणावरून पाहून पदरात तोंड लपवून हसल्या. मेघाचं लक्ष नव्हतं. तिला उताराची घाई झाली होती.

रविवारी ती निघाली. चढ छान गेला. हनुवटीपुढच्या पट्टीतून श्वास मोकळा येत होता. उतारावर पहिला मोठा दगड आला आणि हेल्मेट कपाळावरून घसरून डोळ्यांवर आलं. क्षणभर समोर काहीच नव्हतं. तिने दोन्ही ब्रेक दाबले, पाय टेकले. पट्टी नेमकी जुन्या वणावर आपटली होती. खाली रस्त्यापर्यंत तिने सायकल हातात धरून आणली.

पुन्हा गेली. हेल्मेट आवळायची मागची चकती घट्ट फिरवली, पट्टा गळा काचेपर्यंत ओढला. तरी दगड आला की डोकं एकीकडे, हेल्मेट भलतीकडे. अक्का म्हणाल्या तेच खरं, तिला वाटलं. हलकं आहे, म्हणून उडतंय. घरी आली ती हातात फोन घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. प्रमिलाबाईंचा नंबर काढायची, पुन्हा फोन बंद करायची. 'नाही' हा शब्द मनासारखा नव्हता, तरी खरा होता. मग तोंडातून निघत का नव्हता?

"कितली चकरा मारशी? घानाना बैल बी इतला फिरत नही," अक्का मोरीतून ओरडल्या. "तुना स्कार्फ भिजाडी टाका मी. घामना वास ई राहिना व्हता."

मेघाने तिरमिरीत शेवटचं एकदा हेल्मेट चढवलं, मान झटकली, आणि जागीच थांबली. उघड्या डोक्यावर ते घागरीत खडा हलावा तसं हलत होतं. चकती शेवटपर्यंत फिरवली तरी हलत होतं.

फेब्रुवारी सरला की धुळ्यातली बाई डोकं-तोंड स्कार्फात गुंडाळल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. फाटकाशी माप घेतलं तेव्हा स्कार्फ डोक्यावरच होता. बांधलेला आहे हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. अंगावरच्या कातडीचा कुठे कुणी विचार करतं? ते माप डोक्याचं नव्हतंच, गुंडाळीचं होतं. डोंगरातही घामाने निसरड्या झालेल्या कापडाला चकतीने धरलं होतं, डोकं आत मोकळंच राहिलं होतं.

"अक्का, चूक माझी आहे! हेल्मेटची नाही!"

"मी कवय म्हनी मुसकानी चूक शे?"

दुकानदाराने लहान माप बदलून दिलं. त्याच्या आत स्कार्फ शिरतच नव्हता. अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"उघडा डोकानी जाशी? इतला तापमा? येडी व्हयनी का तू?"

"अहो, ही भोकं हवेसाठीच आहेत. कापडाने मीच ती बुजवत होते."

"भोकं म्हने! सूर्यनारायणले दिसतीन का तुना भोकं?" अक्का वळल्या, आतून एक कांदा आणला आणि तिच्या खिशात कोंबला. "जाय मंग. पन हाऊ कांदा काढू नको."

मेघा मुद्दाम ऊन चढू देऊन निघाली. मुली खाली उतरायच्या तीच वेळ. चढताना केसांतून वारा फिरला, तेव्हा तिला कसंनुसंच झालं, चारचौघांत पदर ढळल्यासारखं. कानावर चाकाखालच्या खड्यांचा आवाज स्पष्ट येत होता. वर पोहोचल्यावर ती थांबली नाही; थांबली असती तर उतरली नसती. तोच दगड आला. हादरा खांद्यांपर्यंत गेला, दात एकमेकांवर आपटले. समोरची वाट मात्र जागच्या जागी होती. दुसरा दगड. तिसरा. खाली आल्यावर तिने हनुवटीपुढची पट्टी चाचपली. ती मागे वळून पुन्हा चढू लागली.

"चांगलं आहे, मॅडम," तिने सांगितलं. "वाऱ्यात कपाळावरचा छज्जा घुमतो, पाणी पिताना मान मागे टाकावी लागते. पण जागचं हलत नाही. फक्त आत स्कार्फ चालणार नाही. मापही उघड्या डोक्यावर घ्यायचं."

प्रमिलाबाई चष्म्यावरून पाहत राहिल्या. "मुली ऐकतील?"

मुली मैदानावर रांगेत उभ्या राहिल्या, सगळ्यांचे नुसते डोळे दिसत होते. पुढे नववीतली डिंपल होती, उतारावर सगळ्यांत धीट.

"स्कार्फ काढ."

"मॅम, काळी होईन ना! मम्मी ओरडेल."

"मापापुरता काढ."

"आणि मग डोंगरावर? तिथे पण नाही?" डिंपलने मान खाली घातली. "तुम्ही पण तर बांधलाय, मॅम."

खरंच होतं. डोंगरावर तिला कुणी पाहत नव्हतं. शाळेत ती अपघातानंतर एकदाही उघड्या तोंडाने मैदानावर आली नव्हती. ऊन हे निमित्त होतं. मेघाने मानेमागची गाठ सोडली. ती घामाने आवळली होती, सुटायला वेळ लागला. हनुवटीवरचा वण उघडा पडला.

"दुखतं, मॅम?" डिंपलने विचारलं.

"नाही. हसताना ओढतं जरा."

डिंपलने वणाकडे बराच वेळ पाहिलं. मग कानामागची पिन काढून दातांत धरली आणि स्कार्फाचे वेढे उलगडायला लागली. तिच्या मागची दीपमालाही गाठ शोधू लागली.

"मान हलवू नकोस," मेघा म्हणाली आणि डिंपलच्या कपाळाभोवती टेप फिरवली. तिची स्वतःची एक टाच मघापासून मातीत ठेका धरत होती.