काळ्या चष्म्यातल्या बाई

बाईंच्या वर्गात आवाज नसे, पण गलका भरपूर असे. कर्णबधिर मुलांच्या शाळेतला बालवर्ग तो. बाकं अर्धगोलात लावलेली, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसायला हवेत. आणि बाईंची खुर्ची अशी, की खिडकीतला उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडावा. खुणांच्या भाषेत हात शब्द सांगतात, पण तो शब्द प्रश्न आहे, राग आहे की थट्टा, हे चेहराच सांगतो.

यंदा आलेली छोटी मात्र त्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. बाई समोर बसल्या की मान खाली घालून बुटाच्या बंदाशी चाळा करत राहायची. हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं, तर डोळे मिटून घ्यायची. डोळे मिटले की भाषाच बंद. तिची आई रोज फाटकाशी थांबून विचारायची, "आज काही बोलली का हो?" आणि बाईंना नाही म्हणावं लागायचं.

वर्गातला सगळ्यात थोराड मुलगा जगाच्या नकला करायचा, म्हणून त्याचं नाव पडलं होतं नकल्या. एके दिवशी बाईंनी त्याला भलत्याच रूपात पकडलं. खांदे पाडलेले, दोन बोटांनी डोळ्यांखालची कातडी खाली ओढलेली.

"हे कोण?" बाईंनी खुणेने विचारलं.

"तुम्ही," त्याचे हात म्हणाले. "रडून आलेल्या."

त्यात खोडी नव्हती, हेच जास्त लागलं. घरी आरशासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. डोळ्यांखाली दोन काळ्या खळग्या. छोटीला हेच दिसत असणार, त्यांच्या मनाने घेतलं.

डोळ्यांखालच्या खळग्या डॉक्टरकडून भरून घ्यायच्या, हे ऐकून धाकटी बहीण हसली. "ताई, या वयात? नटीबिटी व्हायचंय का?"

"पोरगी माझ्याकडे बघत नाही गं."

"म्हणून तू सुया टोचून घेणार? नवीन आहे ती. बघेल."

"कधी? या वयात भाषेवाचून गेलेले दिवस भरून निघत नाहीत."

बहीण म्हणाली, "मी येते सोबत. तिथे सगळं मी विचारणार. तू नुसत्या माना डोलावतेस."

डॉक्टर बाईंपेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी बाईंना खिडकीशी उभं करून हनुवटी वर-खाली करायला लावली. "वर बघितलं की काळं कमी दिसतं. म्हणजे निम्मी सावली आहे, खळगीची. ती फिलरने, म्हणजे आत जेल घालून, भरता येईल. उरलाय तो कातडीचा रंग. तो यानं जाणार नाही."

"टिकतं किती?" बहिणीने सरबत्ती सुरू केली.

"माणसागणिक वेगळं. कुणाचं काही महिने, कुणाचं वर्षाच्या वर. हे जेल हळूहळू जिरतं. नाहीच आवडलं, तर दुसरं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं."

"आणि धोका?"

"सूज येईल, काळंनिळं पडेल. ते एक-दोन आठवड्यांत ओसरतं. पण क्वचित फिलर रक्तवाहिनीत जाऊन अडकतं. कातडी पांढरी पडली, खूप दुखायला लागलं, दिसण्यात फरक वाटला, तर वाट बघायची नाही. तडक यायचं. दृष्टी जाऊ शकते."

बहिणीने बाईंचा दंड धरला. बाकीची माणसं अंधारातही बोलतात; बाईंच्या वर्गात ते चालणारं नव्हतं. "विचार करून सांगते," म्हणून त्या उठल्या. आणि चार दिवसांनी परत आल्या.

बधिर करणारं मलम, मग गालात एक बारीक भोक, त्यातून बोथट टोकाची नळी. फारसं दुखलं नाही. पण आत कुणीतरी काहीतरी सरकवतंय, ही जाणीव अंगावर काटा आणणारी होती.

"दाबू नका, चोळू नका. आणि आठवडाभर सुट्टी घेतलीत तर बरं," डॉक्टर म्हणाल्या.

तो शुक्रवार होता; बाईंनी गृहीत धरलं होतं की शनिवार-रविवारात सगळं ओसरेल. सोमवारी उठून बघतात, तर खालच्या पापण्या टरारून फुगलेल्या आणि डावीकडे जांभळा डाग. बदली बाई मिळेना. शेवटी त्यांनी बहिणीचा मोठा काळा चष्मा चढवला आणि शाळा गाठली.

"बसा," त्यांनी खूण केली. कुणी बसलं नाही. "काल काय केलंत?" मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली. विचारतायत की दटावतायत, कुणाला कळेना.

नकल्या पुढे झाला. "बाई, अर्धंच बोलताय. उरलेलं कुठे ठेवलंत?"

इतकी वर्षं शिकवून हे आपल्याला सुचू नये? बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चष्मा काढला.

एकच गलका उसळला. कुणी मारलं? पडलात? दार लागलं?

"डॉक्टर," बाईंनी सांगितलं. "सुई."

सुई म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे आक्रसले. त्या घोळक्यातून छोटी पुढे आली. बाईंच्या गुडघ्याशी उभी राहिली आणि तिने मान वर केली. ती बघत होती. बाईंच्या डोळ्यांकडे, सुजेकडे, डागाकडे, पुन्हा डोळ्यांकडे. मग तिने स्वतःच्या डोळ्याखाली बोट ठेवलं आणि इतर मुलांचं बघून उचललेली खूण, वेडीवाकडी का होईना, केली.

"दुखतं?"

बाई सवयीने नाही म्हणणार होत्या. पण हातांनी नाही म्हटलं असतं, तरी चेहऱ्याने ऐकलं नसतं.

"हो. थोडं."

छोटीने मान हलवली, पण नजर काढली नाही. आणखी काहीतरी येईल म्हणून ती तशीच उभी होती. बाईंनी चष्मा टेबलावर ठेवला, खिडकीकडे बोट दाखवलं आणि खूण केली: खिडकी.

छोटीने खिडकी बघितली, मग परत बाईंचा चेहरा. हात पुन्हा पोटाशी घट्ट धरलेले होते.

बाईंनी तीच खूण पुन्हा केली, सावकाश.