हुल्डाआत्याचा गिरणीवाला

हुल्डा ग्रॉशला देवाने नवरा दिला नाही की मुलं दिली नाहीत. पण नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या ठोक्याला, तिच्या दिवाणखान्यात सव्वीस माणसं मांडीला मांडी लावून बसायची, ती तिच्या तोंडची गोष्ट ऐकायला. लिटिट्झ गावात पुट्झ, म्हणजे येशूजन्माचा देखावा, घरोघर मांडतात: शेवाळाचे गालिचे, आरशाचं तळं, लाकडी मेंढ्या, गव्हाण, बाळ. लोक एकमेकांचे देखावे बघत गावभर हिंडतात आणि घरी येऊन नावं ठेवतात. हुल्डाच्या देखाव्याला मात्र नावं ठेवायची कुणाची छाती होत नसे, कारण तिथे गोष्ट होती. हुल्डा चाळीस वर्षं प्रेट्झेल या खाऱ्या पावाच्या भट्टीसमोर कणकेला पीळ घालत उभी राहिली, पण गावाने तिला ओळखलं ते या एका तासामुळे.

या तासात तिचा भाऊ टोबायसही असायचा, पण दिसायचा नाही. पुट्झमागे लावलेल्या पांढऱ्या चादरीआड बसून एकेक दिवा लावायचं काम त्याचं. हुल्डाचं बोलणं टेकडीवर पोचलं की टेकडी उजळायची, गव्हाणीशी पोचलं की गव्हाण. टोबायस तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, नाकासमोर चालणारा, चर्चच्या ताफ्यात ट्रॉम्बोन वाजवणारा. पवित्र शास्त्राला कुणी पदरचा एक शब्द जोडला तर त्याच्या कपाळावर आठी चढे. आणि हुल्डा तर अख्खा माणूस जोडायची.

तो माणूस म्हणजे गिरणीवाला. आजोबांनी कधीतरी पत्र्याची पाणचक्की करून ठेवली होती. अकरा वर्षांच्या हुल्डाने ती शेवाळात मांडली आणि तिच्या दारात पिठाने माखलेला गिरणीवाला उभा केला. देवदूत टेकडीवर आला, मेंढपाळ धावले, पण हा म्हणाला, "मी नाही येत. गावात एवढी माणसं उतरलीत, त्यांच्या पोटाचं कोण बघणार?" पोरांना हा उर्मट मनुष्य भयंकर आवडला. टोबायस चादरीआडून खाकरायचा, आणि दिवे विझल्यावर दरवर्षी तेच भांडण व्हायचं.

"हुल्डे, हे शास्त्रात नाही."

"शास्त्रात तुझी चादरही नाही, टोबी. मग काढू का?"

सप्टेंबरात हुल्डाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पण खरं नुकसान जिभेचं झालं. मनात शब्द स्वच्छ असायचा आणि तोंडातून भलताच बाहेर पडायचा. चमचा मागायला जावं आणि 'शनिवार' म्हणावं. दुकानात, चर्चच्या पायरीवर लोक तिच्या तोंडाकडे दयेने बघत थांबायचे. ते तिला हाताच्या दुखण्यापेक्षा जास्त झोंबायचं. हळूहळू ती बोलेनाशीच झाली.

नाताळच्या आठवड्यात टोबायसचा मुलगा एलवुड टेपरेकॉर्डर घेऊन आला. मागच्या वर्षीची तिची सगळी गोष्ट त्यात भरलेली होती.

"आत्या, तू नुसती खुर्चीत राणीसारखी बस. हे बटण दाबलं की तूच बोलशील. जिवाला त्रास कशाला?"

पोरगा प्रेमाने बोलत होता, म्हणून तिला रागावताही येईना. पण तिला पक्कं ठाऊक होतं: यंदा यंत्र बोललं की दरवर्षी यंत्रच बोलणार, आणि ती जिवंतपणी भिंतीवरच्या फोटोसारखी बसून राहणार. तिने डावा हात जोरजोरात हलवला.

"मी," ती म्हणाली. मग खूप वेळाने, "मीच."

"बरं बाई, तूच. पण अडलीस तर यंत्र चालू करीन हां. पोरं लांबून येतात."

त्यानंतर चार दिवस ती एका हाताने शेवाळ पसरत आणि एकेका लाकडी मेंढीला गोष्ट सांगत होती. मेंढ्या दयेने बघत नाहीत, त्यांच्यासमोर शब्द बरे येत.

ठरल्या वेळी पडदे ओढले. स्वयंपाकघरातून साखरेच्या केकचा वास येत होता. एलवुडची सहा वर्षांची ट्रुडी पुढे मांडी ठोकून बसली होती. हुल्डाने सुरुवात केली. पन्नासावर वर्षं घोकलेली वाक्यं पायाखालच्या वाटेसारखी सापडत गेली. मरिया निघाली, गाढव निघालं, धर्मशाळेचं दार मिटलं. चादरीमागे टोबायस एकेक दिवा लावत होता, नेहमीपेक्षा जरा सावकाश. टेकडी उजळली, मेंढपाळ धावले.

"आणि गिर..." हुल्डा म्हणाली. "गि... शनिवार."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. तिने पुन्हा तोंड उघडलं. काहीच येईना. अंधारात तिला सव्वीस जणांचा श्वास ऐकू येत होता. डोळे भरून आले. ट्रुडी हळूच म्हणाली, "आजी, तो येत नाही म्हणाला ना?" एलवुडचा हात बटणाकडे गेला.

तेवढ्यात चादरीआडून खाकरल्याचा आवाज आला. पण खाकरणं तिथेच थांबलं नाही.

"गिरणीवाला," टोबायस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गिरणीवाला दारात उभा होता. पिठाने माखलेला. देवदूताने त्याला हाक मारली."

चादरीला वाचा फुटलेली या घराने कधी पाहिली नव्हती.

"आणि मग," टोबायस पुढे म्हणाला. त्याच्याच्याने त्या माणसाला आणखी एक वर्ष देवाला नाही म्हणू देववेना. "मग तो लगेच टोपी काढून मेंढपाळांच्या मागोमाग गेला आणि गुडघे टेकून..."

"नाही!" हुल्डा कडाडली.

पोरं दचकली.

"नाही, टोबी! आधी... पीठ. सगळं... दळून. मग पाव. मग गेला. सगळ्यांच्या... मागून." एकेक शब्द ती विहिरीतून ओढून काढावा तसा काढत होती, पण प्रत्येक शब्द बरोब्बर होता. "मेंढपाळ गेले होते. पूर्वेचे राजे... अजून यायचे होते. मरिया... एकटी. दमलेली. त्याने गुडघे नाही टेकले. त्याने विचारलं..."

इथे ती थांबली.

"'पोरी, जेवलीस का?' सगळे बाळ बघून गेले होते. हे... कुणीच विचारलं नव्हतं."

"मग ती काय म्हणाली?" ट्रुडीने विचारलं.

"नाही म्हणाली. सकाळपासून नाही."

गव्हाणीवरचा शेवटचा दिवा लागला. नंतर चादर हलली, आणि टोबायस तिच्या आडून बाहेर आला. पायात तारा अडकलेल्या, नाक लाल. तो लोकांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बहिणीच्या खुर्चीपाशी आला. आता दोघांचं जुंपणार म्हणून सगळे वाट बघू लागले.

"हुल्डे," तो म्हणाला, "तू खाल्लंस का काही, सकाळपासून?"

धास्तीने तिच्या घशाखाली पाण्याशिवाय काही उतरलं नव्हतं, आणि घरभरच्या माणसांत ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने मान हलवली, नाही.

टोबायस स्वयंपाकघरात गेला. केकचा कोपऱ्याचा, सगळ्यात जास्त साखरेचा तुकडा कापून त्याने ताटलीत आणला आणि जमिनीवर बसून ती बहिणीच्या डाव्या हाताशी धरली. ती पहिला घास खाईपर्यंत त्याने कुणाला दिवे लावू दिले नाहीत.