तिकीट काढून गेलेला खवा

"मावशी, आजून तीन सीटा भरू द्या, मग हालू," काळीपिवळीचा ड्रायव्हर शब्बीर म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. माझा खवा ओल्या फडक्यात गुंडाळून, पाट्यांत भरून मधल्या सीटवर बसला होता. बाहेर वैशाखाचं ऊन होतं.

दूध आटवून आटवून उरतो तो गोळा म्हणजे खवा. उन्हाळ्यात तो सकाळी भट्टीवरून उतरला की दुपारच्या आत हलवायाकडं पोचला पाहिजे, नाहीतर आंबतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, कारण याच धंद्यात माझी हयात गेली.

एरवी खवा माझ्या टेम्पोनं जायचा. पण शहराच्या पेठेत गर्दी फार, धूर फार, म्हणून पालिकेनं दिवसा माल घेऊन शिरणाऱ्या टेम्पोला फी लावली. रात्री फुकट. म्हशींना हे कुणी कळवलं नव्हतं. त्या पहाटेच दूध देत राहिल्या.

फी घेणाऱ्या नाक्यावरच्या साहेबाला मी आधीच विचारलं होतं, "काळीपिवळीला फी हाय का?"

"ती प्रवासी गाडी आहे, आजी. तिला नाही."

"आन् तिच्यात माल असला तर?"

"मग ते प्रवाशाचं सामान."

माझा टेम्पो चालवणारा महादेव म्हणाला, "मावशी, फी भरा की. काळीपिवळी भरल्याबिगर हालत न्हाय, ठावं हाय न्हवं?"

"तू स्टेअरिंग धर. अक्कल मी चालवते."

टेम्पो घरी राहिला. त्या दिवशी पेठेतल्या हलवाई शेठकडं लग्नाचे गुलाबजाम होते. वेळेत खवा दिला तर सगळी लग्नसराई माझी, असं त्यांनी बजावलं होतं.

शेवटी त्या तीन सीटांचं भाडंही मीच दिलं. फीपेक्षा ते जास्त झालं, पण पालिकेला दिलं नाही याचं समाधान मोठं होतं. वाटेत येडशीला एक बाई चढल्या. "आजी, ह्या पाट्या खाली घ्या की."

"तिकीट काढलंय त्यांनी. तुमी काढलं का?"

शहरात पेठेच्या तोंडाशी काळीपिवळ्यांची ही रांग! एकीत कांदे, एकीत बांगड्या, एकीत कुणाचं तरी कपाट. माझ्याइतकी हुशार माणसं जिल्ह्यात बरीच निघाली. सगळ्यांचं सामान तिथंच उतरत होतं, म्हणून कुणी पुढं सरकेना. हॉर्न, धूर, शिव्या. पुढं पेठ मात्र झाडून ठेवल्यासारखी मोकळी. तिच्यातून भूमकडच्या भागवतचा खव्याचा टेम्पो रिकामा होऊन परत येत होता. त्यानं फी भरली होती. मला बघून त्यानं हातही केला.

पाट्या डोक्यावर घेऊन मी दुकान गाठलं. शेठनं चिमूटभर खवा तोंडात टाकला.

"आजी, आंबलाय."

"जरासा."

"मग नवरदेवाला जरासे आंबट गुलाबजाम वाढू व्हय? भागवतचा घेतलाय म्या. आता लग्नसराईभर त्याचाच घेणार."

खवा तसाच परत आणला. आंबलेल्या खव्याला कुत्रंही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या गिऱ्हाइकांसाठी टेम्पो काढला आणि नाक्यावर मुकाट फी भरली. साहेब हसले. "काय आजी, पटला का नियम?"

"लई पटला. फकस्त काळीपिवळीला लावू नका."

गर्दी कमी करायची फी ही चांगलीच गोष्ट आहे. ती आपण भरावी आणि बाकीच्यांनी काळीपिवळीत बसून चुकवावी, म्हणजे रस्ता मोकळा मिळतो.