घणवाल्या भाऊंचे दोन बकरे

आभाळ गडगडलं की आमच्या गावात सगळे घराकडे पळायचे. घणवाले भाऊ तेवढे भट्टी सोडून बाहेर यायचे आणि कमरेवर हात ठेवून आभाळालाच दटावायचे, "थांब ना बे! बाया धानाच्या रोवणीवर आहेत, दिसत नाई का तुले?" खोटं नाही सांगत, आमच्या शिवारात वीज कधी पडली नाही.

सावली तालुक्यातल्या आमच्या गावात हा लाल दाढीचा धिप्पाड लोहार कुठून आला, कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "लय वरून, बर्फाकडून." आम्ही समजायचो, काश्मीर असेल. विळ्याला धार लावायची असली तरी हातात तोच अवजड घण. पंगतीत भाताचं अख्खं टोपलं संपवून आईला विचारायचे, "बाई, आता जेवाले बसू का?"

माझं लग्न झालं आणि आमचे हे पहिल्यांदा सासुरवाडीला जेवायला येणार, तर आदल्याच दिवशी वाघानं राखून ठेवलेला बकरा उचलला. नव्या जावयाला मटण नाही म्हणजे नाकच कापलं की! बाबा डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात भाऊ आपले दोन्ही बकरे घेऊन दारात हजर. पोटच्या पोरांसारखे जपलेले बकरे ते. आई नको नको म्हणाली.

"काऊन नको? पोरगी माझी बी हाय. कापा. फक्त हाडं फोडू नोका, सारी या कातड्यावर टाका. एक बी हाड मोडलं तर मले गाव सोडा लागन."

बाबांनी पंगतीत पुन्हा पुन्हा बजावलं. पण मांडीच्या हाडाची नळी जावयाच्या ताटात वाढायची ही आमची रीत, आणि नळी न फोडणारा जावई झाडीपट्टीत अजून जन्माला यायचा आहे. आमच्या यांनी नळी ताटावर आपटली, सुर्रकन ओढली आणि हळूच बाकीच्या हाडांत सरकवून दिली. वर ढेकर!

सकाळी बघतो तर दोन्ही बकरे अंगणात जिवंत, आईचा झेंडू खात उभे! एक मात्र मागच्या पायानं लंगडत होता, नाहीतर भाऊंनी तसेच दुसरे आणले असंच समजलो असतो. बाबांनी धावत जाऊन भाऊंना आणलं. मग भाऊंनी सांगितलं, ते बर्फाच्या मुलखातले थॉर, गडगडाटाचे देव. बकरे रोज कापले तरी सकाळी उठतात, हाडं शाबूत पाहिजेत. आमच्या यांनी त्यांचे पाय धरले.

"जावई, नळी गोड होती का?"

"होती," हे रडत म्हणाले.

"मंग झालं!" भाऊ खदखदून हसले.

दुपारपर्यंत भट्टीपुढे नारळांचा ढीग लागला. सरपंच देवळासाठी जागा मोजू लागले. भाऊ मला म्हणाले, "वळख निघाली का लोक देवाले बसवून ठेवतेत, पोरी. मले बसणं जमत नाई." लंगडा बकरा आमच्याकडे ठेवून, दुसरा घेऊन ते निघाले. सासरी जाताना आईसमोर रडले नव्हते, तेवढी मी त्या दिवशी रडले.

तो बकरा अजून आमच्याकडे आहे. हे त्याला स्वतःच्या हातानं चारा घालतात आणि नळीकडे ढुंकूनही बघत नाहीत. आभाळ गडगडलं की बकरा लंगडत अंगणात येतो आणि वर बघून ओरडतो. मग मीही कमरेवर हात ठेवून त्याच्याशेजारी उभी राहते.

"थांबा ना भाऊ," मी म्हणते, "बाया रोवणीवर आहेत."