अकरा टक्क्यांवर सहा माणसं

सकाळी दहाची वेळ. ढोकी, स्टँडसमोरचं रज्जाकभाईंचं हॉटेल. लाईट आदल्या दिवसापासून गेलेली. तेरणा नदीचं पाणी शिवारात.

पुराच्या बातम्या देऊन आम्ही बातमीदार मोकळे होतो. मोबाईलच्या चार्जिंगचे किस्से पेपरात येत नाहीत, ते हॉटेलातल्या बाकावर साठत जातात. हे त्या एकाच दिवसाचे.

* * *

दत्ता आमच्या बाकावरचा, ट्रॅक्टरवाला. त्याची बहीण कमल तेर गावाकडच्या एका वस्तीवर सासरच्यांसोबत घराच्या स्लॅबवर अडकलेली. तिला सातवा महिना. स्लॅबवर सहा माणसं, चालू फोन एकच.

तो फोन आला. कमलचे सासरे, आबा. दत्तानं स्पीकर लावला आणि तो रडायलाच लागला.

"दत्ता, अकरा टक्के हाय," आबा म्हणाले. "रडू नको. रडण्यात दोन टक्के जातेत."

* * *

मग आबांनी कायदा सांगितला.

"आता उचलायचा न्हाय. एक रिंग दिली तर पाणी तिथंच. दोन दिल्या तर चढलंय. वाजतच ऱ्हायला, तरच उचल. मधल्या टायमाला इमानावर टाकतो."

"इमानावर म्हणजे?" रज्जाकभाईंनी मला हळूच विचारलं.

"फ्लाइट मोड."

तीस वर्षं मी बातमी चारशे शब्दांत बसवतोय. आबा ती एका रिंगमध्ये बसवत होते.

* * *

दत्ताचाही फोन उतरत आलेला. हॉटेलच्या इन्व्हर्टरवर गावाचे डझनभर फोन लागलेले. रज्जाकभाईंनी एकेक पिन उपसायला सुरुवात केली.

"भाई, माझा आत्ताशी वीसवर आलाय," एक दुकानदार कुरकुरला.

"जिसकी बहन छत पे है, उसकाच लगेगा."

दुकानदारानं स्वतःच पिन काढून दिली. थोड्या वेळानं रिंग आली. एक. हॉटेलभर चहाचे भुरके थांबलेले. दुसरी आली नाही. मग सगळ्यांनी एकदम कप उचलले.

* * *

तहसील कचेरीच्या मदतीच्या नंबरवर मी फोन लावला.

"फोटो पाठवा, लोकेशन पाठवा," पलीकडचे साहेब म्हणाले.

"साहेब, त्यांच्याकडं चार्जिंग नाही."

"मग आधी चार्ज करून घ्यायला सांगा."

मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. पण उपयोग झाला. आबांचा नंबर त्यांनी लिहून घेतला. तासाभरानं त्यांचाच फोन आला, "बोट निघाली आहे."

* * *

दुपारी दोन रिंगा आल्या.

दत्ता उठला. बोटीचा पत्ता नव्हता. त्यानं गुऱ्हाळावरची काहील ट्रॉलीत टाकली आणि आम्ही पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, चार माणसं बसतील एवढी. पाण्याला ओढ नव्हती, नुसतं पसरलेलं. दोर धरून गुऱ्हाळावरचे दोघं छातीभर पाण्यात उतरले आणि दत्तानं काहील ढकलत नेली.

पहिल्या खेपेला कमल आली. एक हात पोटावर, दुसऱ्या हातानं काहिलीचा काठ धरलेला. कोरड्यावर आल्यावर दत्ताला म्हणाली, "गुळाचा वास येतोय रे लई." आणि तेव्हा कुठं रडली.

आबा शेवटच्या खेपेला आले. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपीखाली ठेवलेला. तीन टक्के शिल्लक.

* * *

आबांनी फोन इमानावरून उतरवला तोच वाजला. मदतीच्या नंबरवरून होता.

"आजोबा, बोटीनं सुखरूप पोचलात ना? तसं वर कळवायचं आहे."

आबांनी काहिलीकडं पाहिलं. मग पाण्याकडं, लांबवर.

"आमी पोचलो, साहेब. पण तुमची बोटीतली माणसं अजून आली न्हायत. पाणी चढतंय. त्यांला आधी बघा."

फोन तिथंच बंद पडला.

ती बोट कुठून निघाली होती आणि तिच्यात कोण बसलं होतं, हे त्या कचेरीनं अजून सांगितलेलं नाही.