हातातून सुटलेला पदर

माझा पदर विनयच्या तोंडावर गुंडाळला गेला आणि समोरून ट्रक आला. घाटातलं वळण, वरून उघडी गाडी, आणि ती चालवणाऱ्या माझ्या मुलाला काही दिसत नव्हतं.

गोव्याच्या सहलीसाठी त्याने ती दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली लाल गाडी भाड्याने घेतली होती. सून आणि नातवंडं दुसऱ्या गाडीतून मागे येत होती. "आई, पदर धरून बस," असं त्याने निघतानाच बजावलं होतं. मी धरलाही होता. पण वाटेत देवीचं देऊळ दिसलं आणि सवयीने दोन्ही हात जोडले गेले.

ज्या पदराने त्याचा शेंबूड पुसला, त्यानेच त्याचे डोळे झाकले. मी ओढत होते आणि वारा आणखी गुंडाळत होता. म्हातारपणी बसवतील तिथे बसायचं असतं. धरायला एवढीशी गोष्ट देतात, तीही सुटते.

गाडी कठड्याला घासून थांबली. ट्रकवाल्यानेही ब्रेक दाबला आणि तो काचेतून बघत राहिला.

विनय तोंडावरचा पदर सोडवत म्हणाला, "पुढच्या देवीला एका हाताने नमस्कार कर."

ट्रकवाला, विनय आणि मी, तिघंही जगलो.